आंजी ते पंढरपूर : किती जणांनी चालावे?

आंजी (मोठी) हे वर्धा तालुक्यातले गाव. वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, धाम नदीच्या काठी. पुढे हीच नदी पवनारला विनोबांच्या आश्रमाखालून वाहते. आंजीपासून पंढरपूर सरळ रेषेत मोजले तरी पावणेपाचशे किलोमीटरच्या घरात जाते. पायाखालची वाट सरळ नसते, त्यामुळे चालणाऱ्याला पाचशेहून बरेच अधिक अंतर कापावे लागते. आळंदी ते पंढरपूर हे अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे. आमच्याकडच्या वारकऱ्याची वाट त्याच्या दुपटीहून लांब आहे, आणि तरीही वारीविषयी जे काही नावाजलेले लिखाण झाले ते जवळजवळ सगळे आळंदी-देहूच्या वाटेवरचे. इरावती कर्वे यांचा ‘परिपूर्ती’तला ‘वाटचाल’ हा लेख त्याच वाटेचा. दि. बा. मोकाशी १९६१ साली चालले आणि १९६४ साली त्यांचे ‘पालखी’ आले, तेही त्याच वाटेचे. विदर्भातून जाणाऱ्यांचे अनुभव राहिले ते बहुतेक तोंडी.

या तोंडी ऐवजात भक्तीची वर्णने थोडी आणि सूचना फार. वहाण कोणती घालावी, पहिल्या दिवशी किती चालावे, नदी कधी उतरावी, पैसे कुठे ठेवावेत. आजोळच्या घरी या गोष्टी मी लहानपणापासून ऐकल्या, पुढे लिहून काढू लागलो. लिहिताना लक्षात आले की यातली एकही सूचना सुटी नाही. प्रत्येकीच्या मागे एक गृहीत धरलेली संख्या असते : चालणारे किती आहेत? एकट्याला दिलेला सल्ला हजारांच्या कामाचा नसतो आणि हजारांच्या सोयीवर बेतलेला सल्ला दहा जणांना अडचणीत आणतो. वर्ध्याच्या आसपासच्या मुलखात पायी चालण्याची निदान तीन निरनिराळी गणिते होऊन गेली. ती एकापुढे एक मांडली, की आंजीहून आज निघणाऱ्याला काय हवे हे जास्त नीट दिसते.

पहिले गणित एकट्याचे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी विदर्भ-मराठवाड्यात पायी हिंडले. त्यांचे गुरू गोविंदप्रभू रिद्धपूरचे. रिद्धपूर अमरावती जिल्ह्यात, आमच्या वायव्येला. म्हाइंभटांनी १२७८ च्या सुमारास लीळाचरित्राचे काम तिथेच केले. महानुभाव पंथात ‘अटन’ हा आचाराचा भाग आहे. अटन म्हणजे हिंडणे, पण त्याचे नियम आहेत. ओळखीच्या माणसांपासून आणि ओळखीच्या मुलखापासून दूर जावे, झाडाखाली राहावे, भिक्षा मागून खावे, जिभेला आवडेल ते घर शोधत बसू नये. वरवर पाहता हा संन्याशाचा नियम वाटतो, पण चालणाऱ्याच्या नजरेने वाचला तर त्यात मोठा व्यवहार आहे. ज्याच्याजवळ काही नाही त्याला चोराचे भय नाही. जो एकटा आहे त्याला एका घरची भाकर पुरते, गावावर भार पडत नाही. झाडाखाली निजणाऱ्याला कुणाच्या ओसरीची परवानगी लागत नाही.

याच पंथाने मराठीला वाटसरूच्या उपयोगाचा एक ग्रंथ दिला आहे. स्थानपोथी म्हणून तो ओळखला जातो. चौदाव्या शतकातल्या मुनिव्यास कोठी यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे आणि डॉ. वि. भि. कोलते यांनी त्याचे संपादन केले. चक्रधर जिथे जिथे थांबले, बसले, निजले ती स्थाने त्यात नोंदली आहेत. गाव कोणते, देऊळ गावाच्या कुठल्या अंगाला, दार कुठल्या दिशेला, ओटा कुठे, तिथून पुढचे ठिकाण कोणीकडे. पुढच्या भक्ताने पोथी हाती घेऊन जावे आणि नेमक्या जागेवर डोके टेकावे, एवढाच तिचा हेतू. देवळाच्या महिम्यावर पाने खर्च न करता दाराची दिशा सांगणारी ही पोथी मला फार जवळची वाटते. मध्ययुगीन महाराष्ट्राचा भूगोल अभ्यासणाऱ्यांनाही ती म्हणूनच उपयोगी पडते.

दुसरे गणित दिंडीचे. त्यासाठी आंजीहून आर्वीच्या अंगाने दोन-तीन मुक्काम चालून वर्धा नदी ओलांडायची, की कौंडण्यपूर येते. रुक्मिणीचे माहेर म्हणून ते सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. डॉ. मो. गं. दीक्षित यांच्या उत्खननाने तिथली वस्ती किती जुनी आहे हेही दाखवून दिले. तिथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. संस्थानाच्या परंपरेप्रमाणे सदाराम महाराजांनी १५९४ साली ही वारी सुरू केली. ही परंपरा धरली तर देहूहून नारायण महाराजांनी १६८५ साली काढलेल्या पालखीच्याही आधीची ही पालखी ठरते. वाखरीला ज्या मानाच्या पालख्या एकत्र येतात त्यांत तिचे स्थान आहे. लेक माहेराहून सासरी निघाली, असे तिचे रूप. माझ्या आजोळच्या बायका म्हणूनच ‘पालखीला जातो’ न म्हणता ‘रुक्मिणीला पोचवायला जातो’ असे म्हणत.

दिंडीची आज दिसणारी शिस्त मात्र बरीचशी एकोणिसाव्या शतकातली आहे. साताऱ्याकडच्या आरफळचे हैबतबाबा ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी होते. त्यांनी १८३२ च्या सुमारास ज्ञानेश्वरांच्या पालखीला सोहळ्याचे रूप दिले. अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे दिले, तंबू दिला. हैबतबाबांच्या व्यवस्थेत फौजेचे शहाणपण आहे आणि ते लपलेलेही नाही : रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचे ठरलेले क्रम, हुकूम देणारा चोपदार, मुक्कामाची ठरलेली जागा. संध्याकाळी तळावर समाजआरती होते. त्या वेळी चोपदार दंड उंचावतो आणि सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ थांबवत नाही. कुठून टाळ वाजतोय हे पाहून चोपदार तिकडे जातो, ऐकून घेतो, निवाडा करतो. हरवले-सापडले तेही तिथेच सांगितले जाते. हजारो माणसांच्या गर्दीत कागद-पेनाशिवाय तक्रार नोंदवण्याची याहून सोपी रीत मला माहीत नाही.

फौजेच्या व्यवस्थेला फौजेइतकी माणसे लागतात. पुण्याहून निघालेल्या सोहळ्याला गाव आधीपासून तयार असते. पिठले-भाकरीच्या पंगती, पाण्याचे टँकर, दवाखाना, पाय चेपून देणारी मंडळी, सगळे वाट पाहत असतात. विदर्भातून निघालेल्या पन्नास-शंभर जणांच्या दिंडीसाठी पहिले पंधरा-वीस दिवस यातले थोडेच असते. तिथे गावची ओसरी, देवळाचा मंडप, शाळेचा व्हरांडा. म्हणून आमच्याकडच्या सूचनांत स्वयंपाकाला मोठी जागा आहे. दुधात मळलेल्या दशम्या दोन दिवस टिकतात, त्या निघतानाच्या. सातूचे पीठ आणि गूळ हे कायमचे. पाण्यात कालवले की चूल न पेटवता पोट भरते. भिशी, म्हणजे दिंडीत शिजणारे अन्न आणि त्यासाठी प्रत्येकाने भरायचे पैसे, आधी ठरवून घ्यावी. वाटेत पैशावरून झालेले भांडण पंढरपूरपर्यंत संपत नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या आंजीकराला आणखी एक अडचण होती. आज ती सहसा कुणाला आठवत नाही. त्याची वाट चार राजवटींतून जात होती. वर्ध्याचा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा होता. १८५४ साली तो इंग्रजांकडे गेला आणि १८६२ साली वर्धा जिल्हा वेगळा झाला. नदी ओलांडली की वऱ्हाड : १८५३ पासून कारभार इंग्रजांचा, मालकी निजामाची. पुढे परभणी, बीड, धाराशिव हा थेट निजामाचा मुलूख, आणि शेवटी मुंबई इलाख्यातला सोलापूर जिल्हा. निजामाच्या हद्दीत हाली सिक्का चाले, नाक्यावर करोडगिरीचे शिपाई असत. म्हणून ‘मोठे नाणे जवळ ठेवू नये, हद्दीवर मोड करावी’ असा सल्ला होता. नवे लुगडे, नवे भांडे घेऊन निघू नये, वापरलेले घ्यावे, असेही जुनी माणसे सांगत. कारण सांगत नसत. माझा कयास असा, की नवी वस्तू नाक्यावर विकाऊ माल ठरण्याची भीती असावी. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आले आणि ही भीती गेली. सल्ला तेवढा मागे राहिला.

याच काळात रेल्वे आली. १८६७ साली नागपूरपर्यंत गाडी धावू लागली आणि वर्ध्याला स्टेशन झाले. १९१७ साली पुलगाव-आर्वी ही छोटी लाइन झाली. तिकडे बार्शी लाइट रेल्वेने कुर्डुवाडीहून पंढरपूर गाठले होते. आंजीचा माणूस वर्ध्याला गाडीत बसून चंद्रभागेपर्यंत जाऊ शकत होता, आणि पुष्कळ जण जाऊ लागले. जे चालत राहिले त्यांनी एक तडजोड केली : जाताना पायी, येताना गाडीने. आज आपण हीच रीत मूळची समजतो. जुन्या वारीत परतणेही पायीच होते. ज्ञानेश्वरांची पालखी आजही चालत परतते, फक्त सोबत मोजकी माणसे असतात. शेगावची गजानन महाराजांची पालखीही दोन्ही वेळा पायी जाते. महिनाभर चाललेल्या पायांना लगेच परत चालायला लावणे सोपे नाही. ज्यांना जमेल त्यांनी एकदा तरी परतवारी करावी असे मी म्हणेन. जाताना वाट पाहायला वेळ नसतो.

गाड्यांनी माणसे वाढली तशी पटकीही पसरली. यात्रा फुटली की ती घरोघर रोग घेऊन जाते, ही एकोणिसाव्या शतकातल्या सरकारी वैद्यांची मोठी चिंता होती आणि ती निराधार नव्हती. विहिरींत जांभळे औषध, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, टाकायची पद्धत पुढे सुरू झाली. त्याआधी वारकऱ्याचा स्वतःचा उपाय होता तांब्या आणि दोर. आपल्या तांब्याने, आपल्या दोराने, वाहत्या विहिरीचे पाणी काढून प्यावे.

पण इथेच एक प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून वारीचा इतिहास लिहिता येत नाही. विहिरीत तांब्या कोण सोडू शकत होता? ज्याला गावच्या विहिरीवर चढायची बंदी, त्याच्या दोराचा उपयोग काय? त्याने कुणी वरून ओंजळीत पाणी ओतेपर्यंत काठाशी बसून राहायचे. आणि एवढे चालून पंढरपूरला पोचल्यावर त्याचे दर्शन महाद्वारापाशी, चोखोबांच्या समाधीजवळ संपायचे. वर्धा शहरात जमनालाल बजाजांनी १९२८ साली लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले केले. म्हणजे त्या वर्षापासून आंजीचा दलित माणूस वर्ध्याच्या देवळात जाऊ शकत होता, पण ज्याच्यासाठी महिनाभर पाय झिजवायचे त्या विठ्ठलापुढे नाही. त्यासाठी साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात दहा दिवस उपोषण करावे लागले. इरावतीबाईंनी चालताना पाहिलेली वेगवेगळ्या जातींची वेगवेगळी पंगतही याच काळातली. भजन एक, भाकरी वेगळी. जुन्या वारकऱ्यांच्या सूचना मी जेव्हा जेव्हा ऐकतो तेव्हा त्या कोणाच्या सोयीने घडल्या, हेही मनाशी विचारतो.

या बाबतीत व्यवहाराच्या अंगाने सर्वांत मोठे काम वऱ्हाडच्याच माणसाने केले. शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा हातात खराटा आणि डोक्यावर गाडग्याचे खापर घेऊन हिंडले, आणि त्यांनी लोकांच्या पैशाने धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरला चोखामेळ्याच्या नावाने उभी केलेली धर्मशाळा त्यांतलीच. १९४९ साली ती त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. देवळाचे दार उघडण्याच्या कितीतरी आधी, पोचलेल्या माणसाने पाठ कुठे टेकावी हा प्रश्न त्यांनी सोडवायला घेतला होता. बाबा स्वतः देवळात दर्शनाला जात नसत, बाहेरची घाण काढत. ज्याने कधी हजारोंच्या तळावर सकाळ काढली आहे त्याला त्या खराट्याचे मोल वेगळे सांगायला नको.

तिसरे गणित आमच्याच धाम नदीच्या काठचे, आणि ते ना एकट्याचे ना हजारांचे.

त्याची सुरुवात मी गुजरातेतून करतो. १९३० साली गांधीजी ७८ सोबत्यांसह साबरमतीहून दांडीला निघाले, २४१ मैल. पुढे गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची तुकडी जात असे. ती गावाची माहिती गोळा करी, मुक्कामाची सोय पाही. गावाने साधे अन्न द्यावे, उघड्यावर निजायला जागा द्यावी, याहून काही नको, असे आधीच कळवलेले होते. तरी भाटगामला पोचेपर्यंत सोबत्यांसाठी सुरतेहून मोटारीने दूध-भाजी येऊ लागली आणि मजूर डोक्यावर जड बत्त्या घेऊन रात्री पळू लागले. २९ मार्चच्या भाषणात गांधीजींनी याचा जाहीर पंचनामा केला. सत्तर-ऐंशी माणसांची पदयात्राही गावावर बोजा होऊ शकते हे त्यांना त्या बत्त्यांनी दाखवले. चार वर्षांनी ते वर्ध्याला आले, १९३६ साली सेगावात राहू लागले. तेच पुढे सेवाग्राम.

विनोबांनी संख्या आणखी कमी केली. हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन होते. १९५१ च्या मार्चमध्ये ते मोजकी माणसे घेऊन वर्ध्याहून पायी निघाले. सुमारे तीनशे मैल, महिनाभराची चाल. संमेलनानंतर १८ एप्रिलला पोचमपल्लीत शंभर एकरांचे पहिले भूदान मिळाले, ते सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्या यात्रेची दिनचर्या अभ्यासावीशी वाटते. पहाटे चारच्या सुमारास कंदील घेऊन निघायचे, दहा-बारा मैल चालायचे, ऊन चढायच्या आत पुढचे गाव गाठायचे. दिवसाचा उरलेला वेळ गावाचा. सप्टेंबरात ते पुन्हा पवनारहून दिल्लीकडे निघाले. घरी परतले १९६४ साली. साठीकडे झुकलेला, पोटाच्या दुखण्याने बेजार असा माणूस तेरा वर्षे चालू शकला, याचे उत्तर त्या दहा-बारा मैलांत आहे. त्यांनी रोज पंधरा-वीस मैल मारले असते तर यात्रा एका पावसाळ्यात आटोपली असती.

१ जून १९६२ रोजी सतीशकुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण दिल्लीहून अण्वस्त्रांविरुद्ध पायी निघाले. मॉस्को, पॅरिस, लंडन, वॉशिंग्टन. निघण्यापूर्वी ते विनोबांचा आशीर्वाद घ्यायला गेले तेव्हा विनोबांनी दोन गोष्टी सांगितल्या : जवळ पैसे ठेवू नका आणि शाकाहारी राहा. पैसे असले की माणूस थकून खाणावळीत जातो, निजतो आणि सकाळी निघतो, कुणाशी बोलत नाही. पैसे नसले की कुणाचे तरी दार वाजवावेच लागते. आणि शाकाहारी म्हटल्यावर यजमान विचारतो, का? तिथून बोलणे सुरू होते. हे मला अटनाच्या नियमांचे सातशे वर्षांनंतरचे रूप वाटते. विनोबांनी तो धागा मुद्दाम धरला असे माझे म्हणणे नाही. थोड्या माणसांनी लांबवर चालायचे म्हटले की कुणीही याच नियमांपाशी येऊन पोचतो.

आता आजची गोष्ट. आंजीतून, किंवा वर्धा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावातून, कौंडण्यपूरमार्गे किंवा स्वतंत्र दिंडीने जाणाऱ्याला हजारांचे गणित लागू होत नाही, ही गोष्ट आधी मनात धरावी. मोबाइलवर आणि दूरदर्शनवर जी वारी दिसते ती शेवटच्या आठ दिवसांची असते. त्याआधीचे तीन आठवडे दहाचे, पन्नासाचे असतात. तिथे विनोबांचा नियम चालतो : पहाटे साडेतीन-चारला निघा, नऊच्या आत दोन तृतीयांश मजल मारा, दुपार झाडाखाली काढा, उन्हे कलल्यावर उरलेली. आमच्याकडे मे-जूनमध्ये पारा पंचेचाळिशीला जातो. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही असे सांगतात. कांदा खिशात ठेवण्यापेक्षा भाकरीबरोबर खावा आणि मीठ-साखरेचे पाणी घोटघोट पीत राहावे. पहिले तीन दिवस पंधरा किलोमीटरच्या पुढे जाऊ नये. जाणारे ताकदीने जातात आणि चौथ्या दिवशी टेम्पोत बसतात. नवी चप्पल, नवे बूट दोन्ही टाळावेत. निदान दोन महिने पायात असलेले, अर्ध्या मापाने सैल असे जोडे घ्यावेत, कारण दुपारनंतर पाय सुजतो. फोड आला तर जुने लोक सुईने दोरा ओवून तो आतच ठेवीत. पाणी निथळते हे खरे, पण त्याच दोऱ्याने घाण आत जाते. फोड स्वच्छ झाकून एक दिवस मजल कमी करणे बरे.

बायकांच्या दृष्टीने वाट आणखी अवघड आहे. मोठ्या पालख्यांच्या मार्गावर ‘निर्मल वारी’ची फिरती शौचालये असतात. आमच्या वाटेवर बायका पहाटे अंधारात निघतात त्यामागे ऊन हे एकच कारण नसते. दिंडी ठरवताना मुक्कामाच्या गावी शाळेची चावी कोणाकडे आहे आणि तिथले शौचालय उघडे मिळेल का, हे दोन प्रश्न आधी फोन करून विचारावेत. दांडीच्या वेळची ती पुढे जाणारी तुकडी म्हणजे आज एक मोटारसायकल आणि एक हुशार पोरगा. त्याच्याशिवाय निघू नये.

सर्वांत मोठे भय आता चोराचे नाही, पटकीचेही नाही. ते रस्त्याचे आहे. २०२१ च्या नोव्हेंबरात आळंदी आणि देहूच्या पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. त्यात वारकऱ्यांसाठी कडेने वेगळी पायवाट धरलेली आहे. ते चांगलेच झाले. त्याच सुमारास आमच्याकडे समृद्धी महामार्ग झाला. वर्धा आणि आर्वी तालुक्यांतून तो जातो, २०२२ च्या डिसेंबरात नागपूर-शिर्डी टप्पा सुरूही झाला. त्यावर पायी चालायला बंदी आहे, आणि असायलाच हवी. प्रश्न असा की ज्या जुन्या रस्त्यांनी दिंड्या जातात ते रुंद झाले, गाड्या वेगाने धावू लागल्या, झाडे गेली आणि चालणाऱ्यासाठी डांबराच्या कडेची हातभर मुरमाड पट्टी उरली. २०२४ साली सरकारने मानाच्या पालख्यांबरोबरच्या दिंड्यांना दिंडीमागे २० हजार रुपये जाहीर केले. पैशाला नाही म्हणू नये. पण आर्वीपासून पुढे प्रत्येक दहा किलोमीटरला एक लिंबाचे झाड आणि एक हातपंप एवढे मिळाले, तर माझ्या ओळखीचे वारकरी ते अनुदान परत करतील. तोवर समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने, एकामागे एक चालावे, पताकेच्या काठीला आणि शेवटच्या माणसाच्या पाठीला चमकती पट्टी लावावी. टाळ अंधारात ऐकू येतात, पण ट्रकच्या केबिनमध्ये नाही.

आणि काळी माती. आळंदीच्या वाटेवरच्या लिखाणात ती मला कुठे भेटत नाही. वर्ध्यापासून मराठवाड्यापर्यंत कपाशीची काळी जमीन आहे. पहिल्या दमदार पावसानंतर डांबर सोडून पाऊल टाकले की वहाण मातीत राहते आणि पाय वर येतो. रस्ते नव्हते तेव्हा या मातीतून चालणे अशक्यच होत असणार. पैनगंगा, पूर्णा, गोदावरी यांचे उतारही पावसाआधी गाठायला हवेत. विदर्भातल्या पालख्या महिना-सव्वा महिना आधी निघतात याचे पहिले कारण अंतर, हे उघड आहे. पण ‘मृगाच्या आत गोदा ओलांडावी’ हे आजोळी ऐकलेले वाक्य मला या मातीतून आलेले वाटते.

ते दरवर्षी पाळता येत नाही, कारण एकादशी तिथीने येते आणि मृग सूर्याने. २०२३ साली आषाढी २९ जूनला होती, २०२४ साली १७ जुलैला, २०२५ साली ६ जुलैला. एकादशी लवकर आली तर कापूसवाला शेतकरी मेअखेर निघतो, पाऊस लांबला असेल तर परत येऊन पेरतो. उशिरा आली तर पेरणी टाकून निघायचे की पेरणी करून बसायचे, हा प्रश्न घराघरात पडतो. कार्तिकीला वेचणी असते, तेव्हा तर जमतच नाही. आमच्याकडच्या दिंड्यांत म्हातारी माणसे आणि बायका जास्त दिसतात त्याचे हे साधे कारण आहे. भक्ती वयाबरोबर वाढते की नाही ते मला माहीत नाही. शेत मात्र मुलाच्या नावावर झालेले असते.

२०२६ साली ज्येष्ठ अधिक, आषाढी २५ जुलैला. म्हणजे आंजीहून निघणे जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, मृग लागून गेल्यावर. पाऊस वेळेवर आला तर पेरणी उरकून निघता येईल, आणि सगळी वाट चिखलाची असेल. सातूच्या पिठाला प्लास्टिकचा डबा लागेल, जोडे दोन घ्यावे लागतील, गोदावरी पुलावरूनच ओलांडावी लागेल. मुक्कामाच्या शाळा तोवर उघडलेल्या असतील, वर्ग रिकामे मिळणार नाहीत. मुख्याध्यापकांना चैत्रातच भेटून ठेवावे.